मिरजेचे खरेशास्त्री: सत्तावीस वर्षांचा लेखननेम

लेखनाचा उत्साह टिकवावा कसा, रोजचा नेम मोडू द्यायचा नाही तो कशाच्या बळावर, हा प्रश्न लिहिणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतोच. आजच्या थ्रेडमध्ये या प्रश्नाचे एक जुने उत्तर पाहू. ते मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या एका शिक्षकाने दिले. त्यांचे नाव वासुदेव वामन खरे. महाराष्ट्र त्यांना वासुदेवशास्त्री म्हणून ओळखतो.

जन्म १८५८, गुहागरचा. संस्कृताचे अध्ययन साताऱ्यास, अनंताचार्य गजेंद्रगडकरांपाशी. पुढे काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अध्यापन. टिळकांशी स्नेह तेथलाच. त्यानंतर मिरज, आणि मग आयुष्याचा बहुतेक काळ मिरजच.

शास्त्रीबुवांनी आरंभी जे लिहिले ते विद्वान आणि रसिक गृहस्थाकडून त्या काळी अपेक्षित असे तेच. नाटके लिहिली. १८८८ मध्ये ‘यशवंतराव’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. १८९२ मध्ये नाना फडणविसांचे चरित्र आले. यांतले चरित्र सोडले तर बाकीचे आज अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही, आणि त्यात फार मोठा अन्याय झाला आहे असे मला वाटत नाही.

खरे काम सुरू झाले ते १८९७ साली, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर. वर्ष दुष्काळाचे आणि प्लेगचे. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. अशा वर्षी मिरजेहून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हे मासिक निघू लागले. विषय एकच: पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील जुनी पत्रे.

येथे थोडी पार्श्वभूमी हवी. पटवर्धन हे पेशवाईतील मातबर सरदार घराणे. मिरज, सांगली, तासगाव, जमखंडी, कुरुंदवाड ही सारी त्यांचीच ठाणी. हैदराशी झालेल्या लढाया, बारभाईंचे कारस्थान, खर्ड्याचा संग्राम, या सर्वांत त्यांची फौज होती. छावणीतून घरी आणि पुण्याहून छावणीत पत्रांचा अखंड ओघ चाले. शंभर वर्षांनंतर ही पत्रे रुमालांत बांधलेली पडून होती. अशा कागदांचे दोन मोठे शत्रू असतात: वाळवी, आणि ‘हे जुने कागद ठेवायचे कशाला’ असे विचारणारा वारस.

मग काम काय, नुसते छापणे? मुळीच नाही. पत्र मोडीत, अक्षर घाईचे, शब्द एकमेकांत अडकलेले. ते वाचून बालबोधीत उतरवायचे. त्यानंतरची अडचण अधिक बिकट. पत्रावर पुष्कळदा तिथी असते किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, परंतु वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊकच होते, ते लिहावे कशाला? शंभर वर्षांनी आलेल्या संपादकाने मात्र ते पत्रातील खुणांवरून काढायचे. फौजेचा मुक्काम कोणत्या नदीवर आहे, कोण आजारी आहे, त्या वर्षी अधिक मास कोणता होता, तिथीचा वार जुळतो का. साल चुकले तर पत्र भलत्याच मोहिमेत जाऊन पडते आणि पुढचा इतिहासकार फसतो.

खरेशास्त्र्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण तिच्यात आहे. पत्रे एकापाठोपाठ रचून ते थांबले नाहीत. प्रत्येक प्रकरणाआधी त्यांनी घडलेल्या घटनांची संगतवार हकीकत लिहिली. त्यामुळे संग्रह सलग इतिहासासारखा वाचता येतो. साधने छापणाऱ्या त्यांच्या समकालीनांत हे क्वचितच कोणाला साधले.

या समकालीनांकडे पाहिले म्हणजे नेमाचा अर्थ अधिक कळतो. ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक १८७८ मध्ये मोठ्या उमेदीने निघाले आणि सुमारे अकरा वर्षे चालून थांबले. राजवाड्यांना वाईत पत्रे सापडली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पुढे ते गावोगाव हिंडत राहिले, विषयामागून विषय त्यांना खेचत गेला. साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस संग्राहक, कागद मिळवण्यात अत्यंत कुशल. त्यांचा संग्रह अखेर १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. राजवाड्यांची झेप किंवा पारसनीसांचे हात खरेशास्त्र्यांपाशी नव्हते. त्यांच्यापाशी एक गाव होते, एक दप्तर होते आणि शाळेच्या वेळेबाहेर उरलेला वेळ होता.

माझ्या समजुतीप्रमाणे उत्साहाचा प्रश्न त्यांच्यापुरता येथेच सुटला. ‘मराठ्यांचा इतिहास लिहायचा आहे’ असे म्हणून बसणाऱ्याचा हात पहिल्याच दिवशी जड होतो. ‘हे एक पत्र लावायचे आहे’ असे म्हणणाऱ्याला आज काय करायचे ते ठाऊक असते. शिवाय मासिकाचा अंक वर्गणीदाराची वाट पाहत असतो. संपादकाचे मन लागो वा न लागो. पुढे मासिकाचे रूप जाऊन भागांचे रूप आले, तोवर हाताला वळण पडले होते. मधल्या काळात १९१३ मध्ये इचलकरंजी संस्थानचा इतिहासही लिहून झाला, तरी संग्रहाचे काम सुटले नाही.

१९२४ मध्ये शास्त्रीबुवा वारले तेव्हा संग्रहाचे बारा भाग प्रसिद्ध झाले होते. सत्तावीस वर्षांत बारा. म्हणजे एका भागाला सरासरी सव्वादोन वर्षे. वेग डोळ्यांत भरणारा नाही. परंतु रियासतकार सरदेसायांपासून पुढे उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्या कोणालाही या भागांना वळसा घालून जाता आलेले नाही.

यानंतरचे भाग त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी काढले. पटवर्धनांचे रुमाल अजून संपले नव्हते.