पनवेलमध्ये 'बार' हा शब्द का बिघडला?

फडके नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग असला की चार मित्रांत पहिला प्रश्न ठरलेला: आधी खायचं कुठे? बहुतेक वेळा उभ्या उभ्या वडापाव. "चला, बारमध्ये बसू, काहीतरी चटरमटर खाऊ," असं घरच्यांसमोर आपल्या पनवेलात कोण म्हणेल?

जपानमध्ये सर्रास म्हणतात. तिथल्या इझाकायाचा अर्थच मुळी 'थांबून प्यायचं दारूचं दुकान'. टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा लोक मापाने साके, म्हणजे तांदळाची दारू, विकत घेऊन घरी न्यायचे. काहीजण दुकानातच टेकले, मग दुकानदाराने सोबत खायला ठेवलं. 1596 साली सुरू झालेलं तोशिमाया हे दुकान मिसो लावून भाजलेल्या टोफूसाठी गाजलं. पुढे खाणं मोठं झालं, पिणं त्याच्या जोडीला. आपल्या भाषेत सांगायचं तर चकणाच मुख्य जेवण झाला! काबुकी नाटकाशी जोडलेल्या डब्यालाही 'माकुनोउची' म्हणतात, म्हणजे दोन अंकांच्या मधला.

आपल्याकडे मध्ये आला कायदा. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. तेव्हा पनवेल कुलाबा जिल्ह्यात, मुंबई राज्यात. प्यायचं तर सरकारी परवाना हवा. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण त्यातून आलं काय, तर 'परमिट रूम'. नावातच सरकारी शिक्का! मंद दिवे, गडद काचा, बाहेरून कोण बसलंय ते दिसू नये अशी रचना. बायका-मुलांसाठी वरच्या मजल्यावर वेगळी 'फॅमिली रूम'. म्हणजे गप्पा मारायला बसणं हीच लपवायची गोष्ट झाली.

त्यात पनवेलच्या वाट्याला हायवेवरचे डान्सबार आले. 2005 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्याने ते बंद केले. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. कोर्टातली लढाई कोणी जिंकली हा वेगळा विषय. गावात 'बार' शब्दाला जो डाग लागला तो कुठल्याच निकालाने धुतला गेला नाही. त्या नाचणाऱ्या मुलींच्या पोटापाण्याचं काय झालं, हे तर आपण विचारलंही नाही.

दारूची दुकानं वाढवा असं माझं अजिबात म्हणणं नाही. आधीच कमी नाहीत. पण महापालिका होऊन (1 ऑक्टोबर 2016) इतकी वर्षं झाली. नाट्यगृहाच्या आसपास चांगला उजेड असलेली, स्वच्छ, बाई एकटी आली तरी कोणी वळून बघणार नाही अशी जागा हवी. तासभर बसून कोळंबी, कोथिंबीर वडी, ज्याला हवी त्याला बिअर, ज्याला नको त्याला सोलकढी. तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत पोचता आलं पाहिजे, बस.

तुम्ही नाटकाआधी कुठे बसता? कमेंटमध्ये सांगा. बायकांनी तर नक्की सांगा.