मोठे ब्रेक आणि चाकांचे स्पेसर : बदल करण्यापूर्वी समजून घ्यावे असे काही

वेगवान मोटारीविषयी बोलताना इंजिनाच्या अश्वशक्तीची चर्चा आवर्जून होते. गाडी थांबते कशी, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर किंवा नेरळच्या दिशेने रविवारी सकाळी निघालेल्या गाड्या पाहिल्या, तर चाकांच्या आरांमधून दिसणारे लाल-पिवळे कॅलिपर आणि मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर आलेली चाके यांचे आकर्षण किती आहे, हे ध्यानात येते. हे दोन्ही बदल एकमेकांशी निगडित आहेत. मोठे ब्रेक बसवले की मूळ चाक कॅलिपरला घासते आणि चाक बाहेर सरकवण्यासाठी स्पेसरची गरज भासते. दोन्ही बदलांमागील शास्त्र, त्यांतील धोके आणि कायद्याची भूमिका यांचा हा आढावा.

अंबरनाथ परिसराच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी या दोन संरक्षण कारखान्यांमुळे आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे येथे कुशल टर्नर आणि फिटर यांची वाण कधीच नव्हती. त्यामुळे 'स्पेसर काय, लेथवर तासाभरात काढून देतो' असे म्हणणारा माणूस येथे सहज भेटतो. त्याचे कौशल्य वादातीत असेल. परंतु चाक आणि हब यांच्यामध्ये बसणाऱ्या तुकड्याला केवळ गोल आकार पुरत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

थोडा इतिहास

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. त्याची खरी कसोटी लागली ती १९५३ च्या 'ल मान्स' येथील चोवीस तासांच्या शर्यतीत. डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक बसवलेली जग्वार सी-टाइप गाडी तेथे पहिली आली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून मंदावत असताना जग्वारचे चालक वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक लावू शकत होते. १९७८ मध्ये बॉश कंपनीची एबीएस यंत्रणा मर्सिडीझच्या एस-क्लास गाडीत आली आणि चाके जाम न होता जोरदार ब्रेक लावणे सामान्य चालकालाही शक्य झाले.

आपल्याकडे कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे ड्रम ब्रेकवरच धावली. गोव्यातून १९९८ मध्ये आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी, २००४ मध्ये भारतात आलेली श्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१५ मधील फियाटची अबार्थ पुंटो आणि त्याच दशकातील दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती या गाड्यांनी मराठी मुलखातील तरुणांना 'स्पोर्ट्स कार' या शब्दाची जवळून ओळख करून दिली. प्रवासी मोटारींच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून तयार होणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात एबीएस बंधनकारक झाले.

ब्रेकचे काम : गतीची उष्णता करणे

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो. १,३०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा असते. दीड लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला तेवढीच ऊर्जा लागते. वेग निम्मा केला, तर ही ऊर्जा निम्मी नव्हे, तर पाव होते.

ब्रेक लावताना भार पुढे झुकत असल्याने सुमारे ७० टक्के काम पुढची चाके करतात, असे धरू. म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला पावणेदोन लाख ज्यूल येतात. पाच किलो वजनाची ओतीव लोखंडाची डिस्क एवढ्या उष्णतेने एका दमात ७५ अंशांनी तापते. आठ किलोची डिस्क ५० अंशांपेक्षाही कमी. मोठ्या डिस्कचा मुख्य लाभ हा आहे. वारंवार ब्रेक लावूनही ती लवकर थकत नाही.

आपल्या भागातले उदाहरण घ्यायचे तर माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून नेरळपर्यंतचा घाट पाहावा. ही उतरण सुमारे ७०० मीटरची आहे. तेवढे उतरताना १,३०० किलोची गाडी जवळजवळ ८९ लाख ज्यूल ऊर्जा सोडते. म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून अठरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी! त्यातील काही भाग हवा आणि टायर यांच्यात जिरतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली, तर मोठा वाटा इंजिन उचलते. गिअर न्यूट्रल करून उतरणाऱ्याच्या गाडीत मात्र तो सारा भार ब्रेकवर पडतो.

थांबण्याचे अंतर खरोखर कमी होते का?

येथे मोठा गैरसमज आहे. गाडी शेवटी टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर थांबते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरसह ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ४४ मीटर लागतात; ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर पकड जवळपास निम्म्यावर आली की हेच अंतर ७८ मीटरच्या घरात जाते. चालकाला भान येऊन पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी २८ मीटरची भर पडते.

मूळ ब्रेक जर एबीएस चालू होईपर्यंत चाक आवळू शकत असतील, तर मोठ्या ब्रेकमुळे पहिल्या थांबण्याचे अंतर कमी होत नाही. फरक पडतो तो पाचव्या, सहाव्या, दहाव्या वेळी. म्हणूनच शहरात चालणाऱ्या गाडीसाठी चांगले टायर हा बहुधा सर्वांत परिणामकारक 'ब्रेक' ठरतो.

बदल कोणत्या क्रमाने करावेत?

पहिला क्रम ब्रेक ऑइलचा. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत हा दोष अधिक जाणवतो. नव्या डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, डॉट ४ चा २३०, तर डॉट ५.१ चा २६० अंश असतो. ओलावा मुरल्यानंतर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० पर्यंत खाली येतात. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे मऊ होऊन तळाला जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त सुधार आहे. नाव सारखे असले, तरी सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल यात मिसळू नये. एबीएस असलेल्या गाडीत ते वापरूच नये.

दुसरा क्रम पॅडचा. पॅड अति तापले तर पेडल कडक राहते, पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळल्याचे आणि पॅड मंदावल्याचे लक्षण असे वेगवेगळे असते. अनेक पॅडवर दोन इंग्रजी अक्षरांची खूण असते. ई, एफ, जी अशी ही अक्षरे घर्षणाची वाढती पातळी दाखवतात : एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. शर्यतीचे पॅड रस्त्यावरील गाडीला बसवू नयेत. ते गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि सिग्नलवर गाडी थंड ब्रेकनेच थांबवायची असते.

मोठी डिस्क आणि नवे कॅलिपर यांचा क्रम त्यानंतरचा. २५६ मिलिमीटर व्यासाऐवजी २८८ मिलिमीटरची डिस्क घेतली, तर पॅडचा दाब केंद्रापासून १६ मिलिमीटर दूर जातो. ही भुजा साधारण १०५ वरून १२१ मिलिमीटर झाली, तर तेवढ्याच दाबात सुमारे १५ टक्के अधिक बल मिळते. पण कॅलिपरचे पिस्टन मोठे निवडले, तर त्यांना जास्त ऑइल लागते आणि मूळ मास्टर सिलिंडरवर पेडल लांब जाऊ लागते. केवळ मागचे ब्रेक वाढवले, तर मागची चाके आधी घसरून गाडी गरकन फिरण्याचा धोका असतो. केवळ पुढचे वाढवले, तर मागचे ब्रेक नुसते नावाला उरतात. हा समतोल गाडीच्या निर्मात्याने मोजून ठरवलेला असतो. म्हणून त्याच गाडीच्या अधिक शक्तिशाली आवृत्तीचे ब्रेक बसवणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग मानला जातो.

भोके पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात. परंतु अति ताणाखाली भोकांभोवती तडे जाण्याचा धोका त्यांत अधिक असतो.

स्पेसर : मिलिमीटरचा हिशेब

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. १५ मिलिमीटरचा स्पेसर लावला की चाक तेवढे बाहेर येते. चाकावर ईटी ४० असा ऑफसेट कोरलेला असेल, तर तो ईटी २५ असल्यासारखा वागतो. दोन्ही बाजूंना लावल्यास चाकांमधील रुंदी ३० मिलिमीटरने वाढते.

याची किंमत अन्यत्र मोजावी लागते. बेअरिंगवरील तिरका भार वाढतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष जमिनीला मिळतो ते ठिकाण आणि टायरचा मध्य यांतील अंतर बदलते. परिणामी खड्ड्यात चाक आपटले की स्टिअरिंगला हिसका बसतो आणि एका बाजूला पाणी साचले असेल, तर गाडी तिकडे ओढली जाते. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांची जी अवस्था होते, तिच्यात हा दोष ठळकपणे जाणवतो. टायर मडगार्डबाहेर आला, तर चिखल आणि दगड मागच्या वाहनावर उडतात, ते वेगळेच.

निवड करताना तीन मापे जुळलीच पाहिजेत : बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, हबच्या मधल्या भोकाचा व्यास आणि आट्यांचे माप. मारुती स्विफ्ट आणि होंडा सिटी यांचे उदाहरण बोलके आहे. दोन्हींना १०० मिलिमीटर वर्तुळावर चार नट. त्यामुळे एकीचा स्पेसर दुसरीला 'बसतो'. पण स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, तर सिटीचा ५६.१. सिटीचा स्पेसर स्विफ्टला लावला, तर दोन मिलिमीटर ढिलाई राहते, चाक केंद्रातून सरकते आणि स्टिअरिंग थरथरू लागते. आट्यांतही भेद आहे : स्विफ्टच्या आट्यांतील अंतर १.२५, सिटीच्या १.५ मिलिमीटर. चुकीचा नट दोन-तीन फेरे जाऊन अडकतो, पान्याचा जोर लावला की आटे चिरडतात आणि वरून मात्र तो घट्ट बसल्यासारखा दिसतो.

आटे किती गुंतावेत, याचा ढोबळ नियम असा की बोल्टच्या व्यासाएवढी लांबी आत जायला हवी. १२ मिलिमीटर बोल्ट आणि १.५ मिलिमीटर आटे असतील, तर ८ पूर्ण फेरे, १.२५ आटे असतील, तर जवळपास १० फेरे. म्हणून १५ मिलिमीटर जाडीचा सुटा स्पेसर घालायचा, तर बोल्टही तेवढेच लांब घ्यावे लागतात. जाड स्पेसर मात्र स्वतंत्र बोल्टने हबला आवळले जातात आणि चाक त्यांच्यावर बसते. दोन पातळ स्पेसर एकावर एक ठेवणे पूर्णतः निषिद्ध आहे.

लेथवर काढलेल्या तुकड्याविषयीची शंका येथूनच सुरू होते. त्यातील अ‍ॅल्युमिनियम कोणत्या प्रतीचे, दोन्ही बाजू समांतर आहेत काय, बोल्टची प्रत कोणती, या प्रश्नांना कागदावर उत्तर नसेल, तर तो भाग वापरू नये. स्पेसर ही वस्तू मुळातच वाईट आहे, असे मात्र नाही. पोर्शसारखा निर्माता काही गाड्यांसाठी ५ मिलिमीटरचे स्पेसर लांब बोल्टसह स्वतः पुरवत आला आहे.

बसवताना घ्यायची काळजी

गाडी केवळ जॅकवर ठेवून काम करू नये, स्टँड लावावेत. सुटा केलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. हबवरील गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा, कारण गंजाचा पापुद्राही स्पेसरला तिरके बसवतो. नळीच्या जोडाचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि यंत्रणेतील हवा पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने काढावी.

चाक हाताने फिरवून कॅलिपर आणि आरा यांच्यात किमान ३ मिलिमीटर जागा आहे याची खात्री करावी. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवूनही टायर कोठे घासत नाही ना, ते पाहावे. नट एकाआड एक पद्धतीने, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतील आकड्यानुसार आवळावेत. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यानंतर ते पुन्हा तपासावेत. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराच्या आठ-दहा ब्रेकने, प्रत्येक वेळी पूर्ण न थांबता, डिस्कशी जुळवून घ्यावेत आणि नंतर गाडी थंड होऊ द्यावी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

झिजलेल्या भागाच्या जागी निर्मात्याने मान्य केलेला भाग बसवणे आणि गाडीची मूळ रचना बदलणे यांतील फरक म्हणूनच ओळखावा. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील एमएच-०५ क्रमांकाच्या गाड्यांच्या मालकांनी शंका असल्यास काम सुरू करण्यापूर्वीच कल्याणच्या परिवहन कार्यालयात विचारणा करणे हिताचे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

सारांश असा की, खर्च करायचाच तर आधी टायर, मग ऑइल, नंतर पॅड आणि नळ्या, त्यापुढे मान्यताप्राप्त मोठी डिस्क आणि अगदी शेवटी, खरोखर गरज असेल तरच, योग्य मापाचा स्पेसर. केवळ दिसण्यासाठी स्पेसर लावायचा विचार असेल, तर तो रद्द करणे हेच उत्तम.