शेजारच्या भांडणात पंच कोण?

बचत गटात दोघींचं वाजलं, तर त्यांतल्या एकीच्या जावेला आपण पंच नेमत नाही. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तिथल्या तमिळांशी आपलं नातं, म्हणून तमिळ वाघ शस्त्रं खाली ठेवतील असं वाटलं. ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढाई जुंपली. अनेक सिंहलींनाही परकी फौज नकोच होती. सुमारे १२०० जवान धारातीर्थी पडले. मार्च १९९० मध्ये सेना मद्रासला परतली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तिने तमिळांवरच गोळ्या झाडल्या, हा त्यांचा राग. शेजाऱ्याने धान्य, औषध, आसरा जरूर द्यावा. बंदूक घेऊन मधे उभा राहायला मात्र लांबचाच बरा.