लेखणीला हात न लावणारे

अमेरिकेतल्या सू लोकांचा लढा म्हटले की घोडेस्वार, बंदुका आणि १८७६ची लिटल बिगहॉर्नची लढाई आठवते. मला गेली काही वर्षे त्यानंतरच्या काळाने धरून ठेवले आहे. हत्यारे गेली, रानगव्यांची शिकार संपली, राखीव प्रदेशात सरकारी शिध्यावर जगणे आले. तरी लढा चालूच होता. त्याचे साधन होते सही नाकारणे.

१८६८च्या फोर्ट लॅरमी तहातले बारावे कलम सांगते की, राखीव प्रदेशातली जमीन घ्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती हवी. पुढे ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले. सरकारने शिधा तोडण्याची धमकी दिली, तरी सह्या जेमतेम दहा टक्के मिळाल्या. १८७७मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ते डोंगर घेतलेच.

सही म्हणजे लेखणीला नुसता हात लावायचा. खूण कारकून करी. १८८८मध्ये आणखी जमीन मागायला रिचर्ड प्रॅट यांचे मंडळ स्टँडिंग रॉकला आले. होकाराचा कागद वेगळा, नकाराचा वेगळा. बहुतेकांनी दोन्हींना हात लावला नाही. मला यात अडाणीपणा दिसत नाही. कागदाचा अर्थ शेवटी सरकारच लावते, हे ते अनुभवाने शिकले होते.

१८८९मध्ये जनरल क्रुक आले. त्यांनी एकरी भाव वाढवला, मेजवान्या दिल्या, पुढाऱ्यांना एकेकटे गाठले. सिटिंग बुलचा विरोध असूनही सह्या पुऱ्या झाल्या आणि सुमारे ९० लाख एकर जमीन गेली. पाठोपाठ गोमांसाचा शिधा कापला गेला. उपासमारीत ‘घोस्ट डान्स’चा पंथ पसरला. १५ डिसेंबर १८९० रोजी अटकेच्या वेळी सिटिंग बुल मारला गेला. २९ डिसेंबरला वूंडेड नी येथे हत्याकांड झाले.

बहुतेक पुस्तके इथे थांबतात. पण १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सची भरपाई मान्य केली. व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक. सू जमातींनी ती घेतली नाही. सरकारी खात्यात ती रक्कम आता एक अब्जावर गेली आहे, आणि त्यांच्या वस्त्या देशातल्या अतिगरीब भागांत मोडतात. पैसे घेतले की डोंगर विकल्यासारखे होईल, असे ते म्हणतात. १८७६मध्ये न केलेली सही त्यांनी आजही केलेली नाही.