उतारी कोणाची?

दशावतारी गंजिफा खेळताना सुरुवात कोणी करायची हे बाहेरचा उजेड ठरवतो. दिवस असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातात, त्याची उतारी. रात्र झाली असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हातात, त्याची. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. तीन खेळाडूंत चाळीस-चाळीस वाटायची. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत उलटं. हे सगळं डोक्यात ठेवून खेळायचं. पण सुरुवात कशी होईल यावर खेळाडूचा काडीचाही ताबा नाही. पत्ते पिसले, वाटले, आता जे आलं ते तुमचं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हे पत्ते हाताने रंगवले जातात. विसाव्या शतकात ही कला संपत आली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. गंजिफा मूळची इराणकडून आलेली. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या काळातल्या रंगांची यादी ‘आईन-ए-अकबरी’त. मुघल गंजिफात दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग उतरायचा आणि रात्री चांदीच्या नाण्याचा. आपल्याकडे त्या जागी राम आणि कृष्ण आले. मासा, कासव, वराह, नरसिंह असे रंग असलेला हा खेळ पाहिला, की ‘फँटसी कार्ड गेम’ ही कल्पना काल-परवाची नाही हे पटतं.

मग बावन्न पत्त्यांचा कॅट आला आणि घराघरात पोचला. आमच्या तुमसरला लग्नाच्या घरी रात्र काढायची असो की तुमसर रोड स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहायची असो, चार जण जमले की मेंढीकोट. त्यात एक नवी गोष्ट आहे: भिडू. समोरासमोर बसलेले दोघं एका बाजूचे. चार दश्श्यांपैकी तीन ओढल्या की डाव तुमचा, चारही ओढल्या की मेंढीकोट. भिडूकडे काय आहे हे विचारायचं नाही, त्याच्या पानांवरून ओळखायचं. तरी सुरुवात इथेही नशिबाचीच. तेरा पानं येतात आणि ती बदलता येत नाहीत.

१९९३ मध्ये हे बदललं. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ काढला. प्रत्येक खेळाडूने आपला कॅट स्वतः बांधून आणायचा, ही त्यातली खरी नवलाई. सुरुवातीला किमान ४० पत्ते लागायचे आणि एकच पत्ता किती वेळा घालायचा याला मर्यादा नव्हती. लोकांनी याचा अर्थ लगेच ओळखला आणि एकच जालीम पत्ता भरभरून घातला. मग स्पर्धांसाठी ६० पत्ते आणि एका नावाच्या जास्तीत जास्त चार प्रती असा नियम आला. सुरुवात आता टेबलावर ठरत नव्हती. ती आदल्या रात्री घरी, पत्ते निवडताना ठरत होती.

१९९६ मध्ये अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल रंगाचा, दिसायला अगदी किरकोळ पत्त्यांचा डेक घेऊन दुसरा आला. डेकमागची कल्पना जे श्नायडर यांची होती. एकेक पत्ता फारसा भारी नाही, पण पहिल्या फेरीत एक किमतीचा, दुसऱ्या फेरीत दोन किमतीचा, अशी ओळीने खेळायला काहीतरी मिळण्याची खात्री. समोरचा आपले राक्षस उभे करेपर्यंत त्याचा खेळ संपलेला. किमतींचा हा चढता आलेख तेव्हापासून डेक बांधणाऱ्यांचा पहिला धडा झाला.

दुसऱ्या बाजूने नियमही वाईट सुरुवातीला औषध शोधत होते. हात खराब आला तर परत घ्यायची सोय म्हणजे मुलिगन. १९९७ मध्ये पॅरिसच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला: हात बदला, पण एक पान कमी घ्या. २०१५ मध्ये व्हँकुव्हरचा, २०१९ मध्ये लंडनचा. वीस-बावीस वर्षं एवढ्या एका प्रश्नावर घासाघीस झाली, की नशिबाला किती जागा ठेवायची.

या सगळ्या काळात जलद सुरुवातीचा अर्थ एकच होता. समोरचा उभा राहायच्या आत त्याला पाडायचं.

२०११ मध्ये नेट फ्रेंच यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’ आला आणि समोरचा माणूसच नाहीसा झाला. सगळे खेळाडू एका बाजूला आणि संकटांचा वेगळा गठ्ठा दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. प्रत्येकाचा ५० पत्त्यांचा डेक, एका नावाच्या जास्तीत जास्त तीन प्रती, हातात सुरुवातीला सहा पानं आणि मुलिगन एकदाच. प्रत्येकाकडे तीनपर्यंत नायक. त्यांच्या अंगच्या धोक्याच्या आकड्यांची बेरीज हा तुमचा सुरुवातीचा धोका. तो दर फेरीला एकाने वाढतो, आणि ५० झाला की तुम्ही बाद.

इथे जलद डेक म्हणजे काय? मूळ संचातलं दुसरं साहस घ्या, अँडुइन नदीकाठचा प्रवास. त्यात सुरुवातीलाच हिल ट्रोल नावाचा राक्षस वाट पाहत असतो. तुमचा धोका ३० झाला की तो अंगावर येतो. अॅरागॉर्न १२, थिओड्रेड ८, ग्लोइन ९, बेरीज २९. म्हणजे तयारीला एक फेरी, दुसऱ्या फेरीत ट्रोल दारात. एओविन ९, एलिनॉर ७, डुनहेर ८, बेरीज २४. मधे धोका आणखी वाढला नाही तर हाताशी सहा फेऱ्या. पहिल्या तिकडीला वेग हवाच, कारण तिच्याकडे वेळ नाही.

वेगासाठी या खेळात सगळे एक पत्ता शोधतात: स्ट्युअर्ड ऑफ गोंडॉर. किंमत दोन. तो नायकाला जोडायचा, आणि दर फेरीला त्या नायकाला दोन जास्तीची नाणी. तिन्ही नायक नेतृत्वाच्या रंगाचे असतील तर पहिल्या फेरीत तीन नाणी असतात. दोन घालून हा पत्ता उतरवला की दोन लगेच परत मिळतात. खर्च जागीच वसूल.

प्रश्न तो हाती येण्याचा. ५० पत्त्यांत तीन प्रती असतील तर पहिल्या सहा पानांत किमान एक येण्याची शक्यता ३२.४ टक्के. तो नसला की मुलिगन घ्यायचा असं ठरवलं तर ५४.३. पहिल्या फेरीत ओढायचं पान धरलं तर ५७.५. आवडीचे दहा पत्ते जास्त घालून डेक ६० चा केला की पहिल्या सहा पानांतली शक्यता २७.५ वर घसरते. आणि जुन्या मूळ संचात या पत्त्याच्या दोनच प्रती होत्या. एकच संच विकत घेणाऱ्यासाठी ती शक्यता २२.८ टक्के. तीन प्रती असलेला सुधारित संच २०२२ मध्ये आला. तोपर्यंत जलद सुरुवात काही अंशी खिशाचाही प्रश्न होती.

ही गणितं कागदावर होतात. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे छोटा प्रोग्रॅम लिहून डेक लाखभर वेळा पिसला. आकडे जुळले. पण कोणताही प्रोग्रॅम तुम्ही जे मोजायला सांगाल तेच मोजतो. ‘माझा डेक कितव्या फेरीत सुरू झाला’ हे मोजणं सोपं आहे, आणि दोन खेळाडू एकमेकांशी लढत असतील तर तेवढं पुरतं. एकत्र खेळताना ते पुरत नाही.

कारण या खेळात एक साधा, कठोर नियम आहे. दर फेरीला जितके खेळाडू, तितकी संकटाची पानं उघडतात. आम्ही तिघं खेळतो, म्हणजे दर फेरीला तीन. एकाच्या समोर टेबलावर काही उभं राहिलं नसेल तरी त्याच्या नावाचं पान उघडतंच. मागे पडलेला भिडू हिशेबातून वजा होत नाही. त्याच्या वाट्याचं ओझं बाकी दोघांवर येतं. तुमचा डेक पहिल्या फेरीत धावू लागला आणि तिसऱ्या माणसाचा चौथीपर्यंत उठलाच नाही, तर तुमच्या धावण्याचा टेबलाला उपयोग काय?

उत्तर त्या पत्त्यावरच लिहिलेलं आहे. स्ट्युअर्ड ऑफ गोंडॉर ‘एका नायकाला’ जोडायचा असतो. तो नायक तुमचाच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. थिओड्रेडही मोहिमेवर निघाला की सोबत निघालेल्या कोणत्याही नायकाला एक नाणं देतो, भिडूच्या नायकालासुद्धा. म्हणून आता चाचणी घेताना आम्ही दुसरा प्रश्न मोजतो: तिघांपैकी सर्वांत मागे असलेला कितव्या फेरीत उभा राहिला? पत्ता स्वतःकडे ठेवला तर माझी सुरुवात झकास दिसते. तो भिडूला दिला तर माझ्या पहिल्या दोन फेऱ्या मरगळलेल्या जातात, पण तिसरं पान पेलायला तिसरा माणूस असतो.

यात एक खाचही आहे. जो आधी सुरू होतो तोच मग सगळ्यांना सांगू लागतो, तू हे खेळ, तू ते टाक. २००० मध्ये राइनर क्निझिया यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा एकत्र खेळायचा बोर्ड गेम काढला, २००८ मध्ये मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ आला. या जातीच्या खेळांवरची नेहमीची तक्रार हीच, की एक जण खेळतो आणि बाकीचे त्याचे हात होतात. मेंढीकोटात भिडूशी बोलायला बंदी आहे, त्यामुळे हा त्रास नाही. भिडूला नाणी द्यावीत, हुकूम देऊ नयेत, एवढं पथ्य पाळलं की इथेही तो कमी होतो.

आमच्या भागात धानाचे हलके आणि भारी असे प्रकार करतात. हलकं धान लवकर कापणीला येतं, भारी उशिरा, पण भरघोस. उंचावरच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या बांधीत हलकं लावायचं, खोलगट बांधीत भारी. कोणतं चांगलं असं शेतकऱ्याला विचारलं तर तो आधी बांधी विचारतो. भारी धान उभं असतानाच हलक्या धानाचे पैसे हातात येतात, आणि त्यावर घर मधले दिवस काढतं. एकत्र खेळायच्या टेबलावर जलद डेकचं काम तेच आहे. त्याने एकट्याने जिंकायचं नसतं. भारी डेक पिकेपर्यंत सगळ्यांना तगवायचं असतं.

गंजिफात उतारी दिवस-रात्र ठरवत होती, मेंढीकोटात वाटलेली पानं, आणि मॅजिकने ती प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात दिली. आता ती हातात आलीच आहे, तर डेक बांधताना पहिल्या सहा पानांकडे पाहून एक प्रश्न जरूर विचारा: यातलं भिडूच्या कामाचं काय आहे? एकही पान नसेल तर डेक कितीही जलद असो, तो दोघांत लढायच्या खेळासाठी बांधलेला आहे.