सोळा आणे आणि बहात्तर तास

वाशी म्हटले की बहुतेकांना खाडीपलीकडची नवी मुंबई आठवते. हा धागा दुसऱ्या वाशीचा आहे. धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या पठारावरच्या, सोयाबीन पिकवणाऱ्या वाशीचा.

ऑक्टोबर २०२०. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ऐन काढणीत अतिवृष्टी झाली. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांनी पंचनामे केले आणि त्यांच्या आधारे राज्य सरकारने हेक्टरी १०,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, मदत दिली. पीकविम्याचे मात्र अडले. नुकसान ७२ तासांच्या आत कळवले नाही, म्हणून असंख्य दावे नाकारले गेले. एकाच शेताचे नुकसान सरकारदरबारी खरे ठरले आणि विम्याच्या दप्तरात जणू घडलेच नाही!

हे ७२ तास आले कुठून?

जुनी रीत आणेवारीची. १६ आणे म्हणजे भरघोस पीक. गावाचे पीक त्यातले किती आणे, यावर शेतसाऱ्याची सूट ठरे. नाणी दशमान झाली आणि आणेवारीची पैसेवारी झाली, पण एकक गावच राहिले. तुमचे शेत वेगळे मोजले जात नसे. यात अन्यायही होता : शेजाऱ्याचे बरे पिकले की तुमचे दुःख सरासरीत बुडे.

उलट प्रयोगही झाला. १९७२ ते १९७८ या काळात गुजरातेत सुरू होऊन इतर काही राज्यांत गेलेल्या विमा योजनेत शेतकरीनिहाय नुकसान मोजले गेले. ३,११० शेतकरी, जमा हप्ता ४.५४ लाख, भरपाई ३७.८८ लाख. योजना आटोपली.

तेव्हा पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी मांडले, की एकेका शेताचा पंचनामा विम्याला परवडणारा नाही. परिसर हेच एकक धरा आणि पीक कापणी प्रयोगांतून उत्पादन काढा. १९७९ची प्रायोगिक योजना, १९८५ची सर्वंकष योजना आणि पुढच्या योजना याच पायावर उभ्या राहिल्या. मला यात आणेवारीची सावली दिसते.

२०१६च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या कमाल २ टक्के. उरलेला केंद्र व राज्य भरतात. म्हणजे विमा म्हटला तरी हे बव्हंशी सरकारी अनुदानच. तिचा गाभा महसूल मंडळाचाच राहिला. पण स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांसाठी वैयक्तिक भरपाईही जोडली गेली. तिची अट म्हणजे ७२ तास. दांडेकरांनी टाळलेली शेतनिहाय मोजणी परत आली, आणि कळवण्याचा भार शेतकऱ्यावर पडला.

मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जिल्ह्यातील सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला : विमा कंपनीने सहा आठवड्यांत भरपाई द्यावी, न दिल्यास राज्य सरकारने द्यावी. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

'पंचनामा' हा शब्दच पाहा : संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा'. निजामाच्या मुलखात रुळलेला तो कागद येथे मोबाइलवरच्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरला.

२०२५च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीची भरपाईही वगळली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग. ७२ तासांची अट गेली, तशी तिच्यामागची भरपाईही गेली. त्याच सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात पुन्हा पूर आला आणि तलाठी पंचनाम्याचे कागद घेऊन चिखलात उतरले.