ठिणगी आणि दप्तर

खानदेशांत दसरा उलटला कीं जिनिंगचे कारखाने जागे होतात. हंगामापूर्वीं यंत्रांची डागडुजी होते. तुटलेलें लोखंड ज्योतीनें कापतात, वेल्डिंगनें सांधतात. वरच्या तुळयांवर मात्र गतवर्षाची रुई धुळीसारखी बसलेली असते. रुईंत पडलेली ठिणगी लागलीच पेट घेत नाहीं; ती आंतल्या आंत धुमसते, आणि कारागीर घरीं गेल्यावर ज्वाळा उठते. म्हणून काम संपल्यावरही तेथें पहारा ठेवणें, हा या धंद्यांतील शहाणपणाचा पहिला नियम होय.

या कारखान्यांकडे पाहण्यास कायद्याला फार काळ लागला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) खानदेशच्या कापसाला भाव आला, आणि पुढें आगगाडीच्या सोयीनें जळगांव-धुळ्याकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. परंतु १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यांत, वर्षांत निदान चार महिने चालणारा व शंभर माणसांचा असेल तोच कारखाना धरला होता. हंगामी जिनें त्यांतून सुटलीं. १८८४-८५ च्या मुंबईच्या चौकशी मंडळापुढें खानदेशांतील जिनांत पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चालतें, अशा साक्षी झाल्या. तरी हंगामी कारखाने कायद्याखालीं येण्यास १९११ साल उजाडलें.

धुमसत्या कापसाचें सामर्थ्य मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीच्या एकाच खणांत कापूस व स्फोटक द्रव्यें होतीं. दुपारीं कापूस धुमसूं लागला; चारच्या सुमारास बोट उडाली. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३७ व्या कलमानें, ज्वालाग्राही द्रव्य असलेल्या टाकीवर तें द्रव्य व त्याची वाफ काढून टाकल्याखेरीज वा निर्धोक केल्याखेरीज वेल्डिंग वा कापकाम करण्यास मनाई केली. १०८ व्या कलमानें कायद्याचा सारांश मजुरांना समजेल अशा भाषेंत दाराशीं लावण्यास सांगितलें. नियम असा सर्वांसमोर आला. पण तो कोणीं, कितीदां मोडला, हें निरीक्षकाच्या दप्तरांतच राहिलें. २००५ च्या माहितीच्या अधिकारानें तें दप्तर मागतां येऊं लागलें. परंतु मागणारा बहुधा आग विझल्यावरच जागा होतो.

जिनांत राबणाऱ्या बाईला कलमाचा क्रमांक ठाऊक नसला तरी चालेल. गेल्या हंगामांत याच छपराखालीं ठिणगीवर पहारा होता कीं नव्हता, हें मात्र तिला दाराशींच वाचतां आलें पाहिजे. सारांशाच्या शेजारीं त्या एका नोंदीपुरती जागा खास आहे.